वही म्हणजे वाट नव्हे

३१ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. आदल्या दिवशी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात आणि बीड शहरात जाळपोळ झाली होती, संचारबंदी लागली होती आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं होतं. आमच्या गावात, पालीत, हायवेवरची दुकानं बंद होती. गल्लीतल्या माझ्या सेवा केंद्राचं शटर मी कंबरेइतकं वर केलं, कारण एक म्हातारी सकाळपासून पायरीवर बसून होती. तिला निराधारचे पैसे काढायचे होते. अंगठ्याच्या मशीनवर तिनं पाच वेळा अंगठा ठेवला. दर वेळी लाल दिवा लागायचा, ठसा उमटायचा आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं. तिला वाटलं, खुरपून खुरपून अंगठ्याच्या रेघा गेल्या, म्हणून मशीन ओळखत नाही. अंगठा पदराला पुसून ती पुन्हा पुन्हा ठेवत होती. मी तिचा हात धरून सांगितलं, मावशी, अंगठा चांगला आहे, लाईन बंद आहे.

तिच्या खात्यात पैसे होते, नोंद बरोबर होती, ओळख खरी होती. बंद होती ती वाट.

हे सगळं आज पुन्हा आठवलं ते आमच्या गावातल्या एका पोरामुळे. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे, हुशार आहे आणि गावाची कळकळ असलेला आहे. सुट्टीत आला की माझ्या केंद्रात येऊन बसतो. या वेळी म्हणाला, "काका, सगळं ब्लॉकचेनवर असतं तर तो दिवस आलाच नसता. ती कुणाला बंद करता येत नाही, तिच्यात कुणाला खाडाखोड करता येत नाही, आणि तिच्यावर आपण कोण हे कुणाला कळत नाही." हे त्याचं एकट्याचं म्हणणं नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओंत, कॉलेजांच्या व्याख्यानांत आणि नाणी विकायला येणाऱ्या एजंटांच्या तोंडी ही तीन वाक्यं मी गेली काही वर्षं एका दमात ऐकतो आहे. त्याला तोंडी उत्तर देताना माझी गडबड झाली, म्हणून हे सविस्तर लिहितो. त्याचं पहिलं वाक्य आपल्या उपयोगाचं नाही. दुसरं खरं आहे, पण आपल्या दुखण्यावरचं औषध नाही. तिसरं तर सरळ उलटं आहे.

या गोंधळाचं मूळ असं की तीन निरनिराळ्या वस्तू एका नावाखाली विकल्या जातात. निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कुणाच्या मालकीच्या रस्त्यानं जातो, हा झाला वाटेचा प्रश्न. नोंद कोण ठेवतो आणि ती कोण बदलू शकतो, हा वहीचा. बोलणारा कोण आहे हे कुणाला कळतं, हा पडद्याचा. विकेंद्रित जाळं वाटेचं काम करतं, ब्लॉकचेन वहीचं, आणि टोरसारखी अनामिक राहण्याची साधनं पडद्याचं. तिन्हींत "मध्ये कुणी मालक नको" ही भावना सारखी आहे, म्हणून ती सख्खी भावंडं वाटतात. पण वही कितीही पक्की बांधली तरी तिच्यावरून चालत जाता येत नाही.

आधी वाटेचं बघू. सातोशी नाकामोटो या नावानं बिटकॉइनचा नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला तो ३१ ऑक्टोबर २००८ ला. म्हातारी माझ्या पायरीवर बसली होती त्या दिवशी त्याला बरोबर पंधरा वर्षं झाली होती. त्या निबंधातली रचना मोठी बुद्धीची आहे, हे मी मान्य करतो. जगभर हजारो संगणकांवर एकच वही ठेवायची, साधारण दहा मिनिटांनी तिला एक नवं पान जोडायचं, आणि मागचं पान बदललं तर पुढची सगळी पानं बोंब मारतील अशा गणितानं ती शिवायची. पण ही हजारो यंत्रं एकमेकांशी बोलतात ती इंटरनेटवरूनच. बीड जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं म्हणून जगातली वही थांबणार नाही, हे खरंच. थांबतो तो पालीतला माणूस. ॲमस्टरडॅममध्ये वहीची प्रत शाबूत आहे, याचा माझ्या पायरीवर बसलेल्या बाईला काय उपयोग? कुणी म्हणेल, बिटकॉइनची वही आता उपग्रहावरूनही ऐकता येते. येते. पण आपला व्यवहार तिच्यात लिहायचा तर वर जाणारी वाट पुन्हा लागतेच.

"कुणाला बंद करता येत नाही" हेसुद्धा ऐकायला जेवढं ठणठणीत आहे तेवढं प्रत्यक्षात नाही. ११ नोव्हेंबर २०२० ला इन्फुरा या एका कंपनीची सेवा कोलमडली आणि इथेरियम या दुसऱ्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, चालणारी अनेक पाकिटं नि बाजार अडकले, कारण लोक त्या वहीपर्यंत स्वतःच्या यंत्रानं जातच नव्हते, त्या कंपनीच्या दारातून जात होते. सप्टेंबर २०२१ मध्ये सोलाना नावाची साखळी सतरा तास ठप्प होती. वेगाचं सांगायचं तर बिटकॉइनची मूळ साखळी सेकंदाला सातेक व्यवहार पेलते. यूपीआयनं ऑगस्ट २०२३ पासून महिन्याला हजार कोटींच्या वर व्यवहार केले आहेत. भागाकार केला तर सेकंदाला साडेतीन हजारांच्या पुढे जातो. सोमवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे द्यायला दहा मिनिटं कोण थांबेल?

मग वाटेवर उपाय काय? खरं तर इंटरनेटच्या मुळाशीच त्याचं उत्तर आहे. १९६४ मध्ये पॉल बॅरन या अमेरिकी अभियंत्यानं लिहून ठेवलं की जाळ्याला मध्यबिंदू नसावा, गाठी अनेक असाव्यात आणि प्रत्येक गाठीनं निरोपाचा तुकडा पुढच्या गाठीला द्यावा. एक गाठ तुटली तर तुकडा दुसरीकडून जाईल. विहिरीच्या खोदकामावर घमेली हातोहात वर येतात, एक गडी पाणी प्यायला गेला तरी शेजारचा हात पुढे करतो, तसं. पण गावापर्यंत येता येता ते जाळं झाडासारखं झालं. पालीतल्या सगळ्या मोबाइलांची वाट दोन-चार कंपन्यांच्या मनोऱ्यांवरून जाते. म्हणून त्या कंपन्यांना कागद गेला की जिल्हा अंधारात जातो. जिल्हा बंद पाडायला कुणाला वायर तोडावी लागत नाही.

बीडहून पालीकडे येताना वाटेत खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात बांधलेली. तिचं पाणी उताराच्या हिशोबानं जमिनीखालच्या कालव्यांतून शेतांकडे जातं. ज्या गावचं पाणी, त्याच गावच्या उतारानं, त्याच गावच्या शेतात. मला जाळं हवं आहे ते त्या जातीचं. आणि हे स्वप्नरंजन नाही. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पानं पालघर जिल्ह्यातल्या गावांत दूरदर्शनच्या मोकळ्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवलं. स्पेनच्या कॅटलोनियात २००४ मध्ये सुरू झालेलं 'गुइफी' हे जाळं लोकांनी घरांच्या छपरांवर स्वतः अँटेना लावून उभं केलं. त्यात नाणं नाही, टोकन नाही, झटपट श्रीमंतीचं आमिष नाही. कदाचित म्हणूनच त्याचे एजंट आपल्या गावात येत नाहीत.

इथे मला माझ्याच बाजूचा अतिरेक टाळायचा आहे. गावच्या जाळ्यानं म्हातारीला पैसे मिळाले असते का? नाही. तिच्या बँकेचा सर्व्हर पालीत नाही. मोबाइल-ते-मोबाइल ब्लूटूथवर निरोप खूप लांब जात नाही. कमी ताकदीच्या लोरा रेडिओवर काही किलोमीटर जातो, पण चार ओळींचा मजकूर तेवढा, फोटोही नाही. तरी चार ओळी पुष्कळ असतात. रस्ता सुरू आहे का, सिव्हिलला डॉक्टर आहेत का, कुणाचं पोर परत आलं का, एवढं त्या दिवशी कळलं असतं तरी निम्मी भीती गेली असती, आणि त्या भीतीत भर घालणाऱ्या अफवाही गेल्या असत्या. फोन लागत होते, पण ज्याचा नंबर माहीत आहे त्यालाच. गावाला एकदम सांगायची सोय नव्हती.

आता वही. हा मुद्दा मी जास्त वेळ घेऊन मांडणार आहे, कारण आमच्या जिल्ह्याचं निम्मं दुःख वहीतलं आहे.

आमच्याकडून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, वहीत आकडा पडतो. मग कारखान्यावर टनामागे मजुरी, आजारपणानं काम बुडालं की खाडा, खाड्याची कापणी, आणि हंगाम संपला की मुकादम सांगतो, उचल फिटली नाही, इतके अंगावर राहिले, पुढच्या वर्षी यायचं. आमचा पुण्याचा पोरगा म्हणतो, ही वही ब्लॉकचेनवर टाका, मुकादमाला आकडा फिरवता येणार नाही. ऐकायला छातीत ऊब येते. पण एकदा उचलीच्या दिवशी त्या ओट्यावर जाऊन बसावं. पन्नास हजार हातात पडतात आणि सत्तर लिहिले जातात, ते पहिल्याच दिवशी. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो, तो पहिल्याच दिवशी. नंतर खाडाखोड करायची मुकादमाला गरजच पडत नाही. लबाडी लिहितानाच होते. न पुसणारी वही ही लबाडी पकडत नाही, तिला कायमची करते. आज मजूर निदान म्हणू शकतो, तुझी वही खोटी आहे. उद्या त्याला उत्तर मिळेल, हे गणित आहे, जगातल्या हजारो संगणकांनी तपासलंय. संगणकांनी तपासलं ते एवढंच की लिहिल्यापासून आकडा बदललेला नाही. हातात किती पडले हे कुठल्याच संगणकानं पाहिलेलं नसतं.

महाराष्ट्रात हा प्रयोग झालेला आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५,००० जात प्रमाणपत्रांचे गणिती ठसे पॉलिगॉन नावाच्या साखळीवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं. खोटे छापलेले दाखले ओळखता यावेत हा त्यामागचा हेतू चांगला होता, आणि तेवढं काम अशा ठशानं होतं. पण मी रोज दाखले काढून देतो, म्हणून सांगतो: दाखल्यावर अधिकाऱ्याची डिजिटल सही असली तर तो खरा की खोटा हे साखळीवाचूनही कळतं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं त्या सहीला मान्यता दिली आहे आणि डिजिलॉकर तिच्यावरच चालतं. जातीचा खरा वाद तर कागद खरा की खोटा याच्या पुढे सुरू होतो. तो सुटतो पडताळणी समितीपुढे, शाळेच्या जुन्या रजिस्टरांवर, वंशावळीवर, माणसांच्या चौकशीवर.

आणि २०२३ चं ते पेटलेलं वातावरण तरी कशावरून होतं? नोंदींवरूनच. मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधायला त्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती. निजामकाळातली कागदपत्रं, मोडीतली, उर्दूतली, उघडली जात होती. कुणाचा आजा कुठल्या पानावर कसा लिहिला गेला आणि कुणाचा लिहिलाच गेला नाही, हा प्रश्न होता. त्या वादात तुमची बाजू कुठलीही असो, एक गोष्ट मान्य करावी लागेल. ती पानं कुणी नंतर बदलली, ही मुख्य तक्रार नव्हती. जे लिहिलं गेलं नाही त्यावर जगातली कुठलीच साखळी उत्तर देऊ शकत नाही.

न पुसण्याचा आणखी एक तोटा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. माझ्या केंद्रात येणाऱ्या दर दहा माणसांतल्या दोघांच्या तरी नावात किंवा जन्मतारखेत चूक असते. लिहिणाऱ्या कारकुनाला झोप आली होती आणि 'सखुबाई'ची 'साखराबाई' झाली, याची शिक्षा त्या बाईनं आयुष्यभर भोगायची नसते. चांगली वही तीच, जिच्यात दुरुस्ती करता येते आणि ती कुणी केली हे दिसतं.

आता पडदा. इथे मात्र मला राग येतो, कारण इथे चुकीचा सल्ला माणसाच्या जिवावर बेततो.

आमच्या पालीच्या माळावर एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'इन्फंट इंडिया' ही संस्था आहे. त्यामुळे नाव झाकण्याची किंमत काय असते हे या गावाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीवाचून त्याच्या आजाराची माहिती कुणी उघड करायची नाही, हा त्याचा गाभा. आणि तरी आरोग्याच्या नोंदी ब्लॉकचेनवर टाकून त्या सुरक्षित होतील असं सांगणारी भाषणं मी ऐकली आहेत. सार्वजनिक साखळी म्हणजे चावडीवर उघडी ठेवलेली वही. नावाऐवजी तिथे अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ असते, एवढाच काय तो आडोसा. त्या ओळीचा आणि माणसाचा एकदा संबंध लागला की त्या माणसाचे मागचे सगळे व्यवहार एका झटक्यात उघडे पडतात, आणि पुसताही येत नाहीत.

हा आडोसा किती पातळ आहे हे पोलीस चांगलं जाणतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीनं खंडणी म्हणून दिलेल्या बिटकॉइनांपैकी ६३.७ बिटकॉइन एफबीआयनं महिन्याभरात माग काढून परत मिळवले. वही उघडी होती म्हणूनच माग लागला. चोरीचा पैसा सापडला याचा मला आनंदच आहे. पण जी वही चोराला लपवत नाही, ती साक्षीदारालाही लपवणार नाही, हे माझ्या पोरांना कळलं पाहिजे. खरा पडदा देणारी नाणी आहेत, मोनेरो २०१४ चं, झेडकॅश २०१६ चं. पण तिथला पडदा वहीवर वेगळं गणित चढवून विणलेला आहे. तो वहीच्या अंगचा गुण नाही.

आणि विकेंद्रित म्हणजे अनामिक असंही नाही. बिटटोरंट विकेंद्रित आहे, पण तिथे फाइल उतरवणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता बाकीच्यांना दिसतो. ब्रिजफाय हे ब्लूटूथवरून निरोप पाठवणारं ॲप २०१९ च्या हाँगकाँग आंदोलनात हजारोंनी वापरलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल होलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्यात निरोप वाचता येतात आणि कोण कुणाशी बोललं हेही काढता येतं. वाट होती, पडदा नव्हता. टोरचं नेमकं उलट आहे. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात त्याची कल्पना निघाली. निरोपावर तीन वेष्टनं चढवायची, तो तीन थांब्यांवरून न्यायचा, प्रत्येक थांब्याला फक्त मागचा आणि पुढचा थांबा माहीत. पडदा उत्तम, पण ते चालतं इंटरनेटवरूनच, आणि थांब्यांची यादी ठेवायला मोजक्या विश्वासाच्या यंत्रांवर अवलंबून राहतं. जिल्ह्याचं नेट गेलं की टोरही गेलं.

पडद्यामागे वाईट माणसंही बसतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा शासकीय सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. हे आकडे साऱ्या देशानं वाचले, विधिमंडळात गाजले. त्या बायकांची नावं कुणी वाचली नाहीत, आणि तेच योग्य होतं. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. खंडणीच्या आड आलेल्या माणसाचं आमच्याकडे काय होऊ शकतं हे त्या दिवसानंतर प्रत्येक घराला ठाऊक आहे. अशा जिल्ह्यात तक्रार करू पाहणाऱ्याला "ब्लॉकचेनवर टाक, कुणाला कळणार नाही" असं सांगणं हा गुन्हा मानला पाहिजे.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. वाट बंद करण्याची सत्ता तंत्रानं संपत नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं चौदा निरोप-ॲप बंद केली. कारण जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांकडून होणाऱ्या वापराचं दिलं गेलं. त्यांत ब्रायर होतं, जे इंटरनेट नसताना ब्लूटूथवर चालतं, आणि एलिमेंट होतं, जे विकेंद्रित जाळ्यावर चालतं. म्हणून लढाई नियमाच्या मैदानावरही लढावी लागते. १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इंटरनेटबंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे आणि बेमुदत बंदी चालणार नाही. २०२४ च्या नव्या नियमांनी कमाल मुदत पंधरा दिवस ठेवली. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीत २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा इंटरनेट बंद झालं. त्यातली आमची एक. २६ फेब्रुवारी २०२४ ला जालना आणि छत्रपती संभाजीनगरसोबत बीडचं पुन्हा बंद झालं. दंगल रोखणं हे प्रशासनाचं कर्तव्य आहे, ते मी नाकारत नाही. पण पुढचा आदेश निघेल तेव्हा निराधारचं मानधन, दवाखाना आणि रेशन यांची वाट उघडी ठेवा, एवढी मागणी आपल्या ग्रामसभेनं ठराव करून जिल्ह्याला पाठवायला काय हरकत आहे?

आणि तुझ्यासाठी, पोरा. तू मनापासून बोलतोस म्हणूनच एवढं लिहिलं. साखळीवर घालवतोस त्यातला एक रविवार गावाला दे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारे, परवाना न लागणारे दोन मान्यताप्राप्त लोरा रेडिओ घेऊन ये. एक बिंदुसरा धरणाच्या बाजूच्या टेकाडावर मी धरून उभा राहतो, दुसरा घेऊन तू मांजरसुंब्याच्या घाटमाथ्यावर जा. तिथून चार ओळी पाठव. पोचल्या तर पुढच्या ग्रामसभेत आपण दोघं मिळून उभं राहू.